खारी, बुंदी आणि आत्याबाई

सृष्टीच्या बोटातून रक्त येत होतं, पण ती रडायचं सोडून मलाच बजावत होती की पप्पांना सांगू नको. सांगायची वेळच आली नाही. तिचे पप्पा हेल्मेट हातात घेऊन दारातच उभे होते.

पंधरा दिवसांत हा सहावा चावा. सृष्टीला तीन, मला दोन आणि भांड्याला येणाऱ्या सिंधुताईंना एक. सिंधुताईंचा तर काही संबंधही नव्हता, त्या बिचाऱ्या पिंजऱ्याखालचा केर काढत होत्या. तेव्हापासून त्या तेवढा कोपरा सोडून झाडतात आणि जाता जाता म्हणतात, उंदराला काकडी खाऊ घालणारं घर पहिल्यांदाच बघितलं बाई.

उंदीर नव्हते ते, गिनिपिग होते. दोन माद्या, एकाच वेताच्या. सृष्टीच्या नवव्या वाढदिवसाला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतून, राजशेखरच्या दुकानातून आणलेल्या. पापुद्रे सुटल्यासारखे सोनेरी केस असलेली ती खारी आणि अंगभर ठिपके असलेली ती बुंदी, अशी नावंही सृष्टीनं दुकानात उभ्या उभ्याच ठेवली. तिला खरं तर कुत्रा हवा होता. भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही, म्हणून ही तडजोड. तडजोडीला एवढे दात असतील हे आम्हाला कोण सांगणार होतं?

माझा नवरा आनंदराज लातुरात नीटच्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवतो. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे दात जन्मभर कसे वाढत राहतात ते दोनशे पोरांना फळ्यावर काढून दाखवतो आणि घरी पिंजऱ्याला पाण्याची बाटली लावायची झाली की मला हाक मारतो. त्या बुधवारी संध्याकाळी त्यानं सृष्टीचं बोट पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, तेही दोन हात लांबून, आणि सरळ राजशेखरला फोन लावला. स्पीकरवर.

राजशेखर भला माणूस. परत घेतो म्हणाला, काही कटकट केली नाही. फक्त एवढं म्हणाला, "चावऱ्या जनावराला गिऱ्हाईक नसतंय सर. पण सोमवारी हैदराबादची गाडी येती. ते लोक नेतेत, चावरं-बिवरं बघत न्हाईत."

मी मधेच विचारलं, ते कशाला नेतात? तर म्हणाला, "औषधाच्या कंपन्या असतेत मॅडम तिकडं. आपल्याला काय करायचंय."

रविवारी दुपारी आणून देतो, असं सांगून आनंदराजनं फोन ठेवला. सृष्टीला फक्त 'औषध' एवढंच कळलं. खारी-बुंदीला औषध देऊन बरं करणार आणि परत पाठवणार, असा तिचा समज झाला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच राहू दिला. मलाही अर्धवटच कळलं होतं. पुरतं कळलेलं माणूस स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वतीबाई. मूळच्या हदगावकडच्या. सासरे व्यंकटराव नांदेडला एका फार्मसी कॉलेजात वॉचमन होते. आनंदराज सहा वर्षांचा असताना ते वारले, आणि कॉलेजवाल्यांनी आत्याबाईंना कामावर घेतलं. काम प्राणीघरात. पिंजरे धुवायचे, घास टाकायचा, पिल्लं मोजायची. चोवीस वर्षं त्यांनी ते केलं. मग वरून कागद आला, पोरांनी जनावरांवर प्रयोग करायचे नाहीत, संगणकावर करायचे. प्राणीघराला कुलूप लागलं आणि शेवटची काही वर्षं आत्याबाईंनी वाचनालयात पुस्तकांची धूळ पुसून काढली. निवृत्त झाल्या त्या लातूरला आमच्याकडे आल्या. आनंदराज मित्रांना त्यांची ओळख करून देताना म्हणायचा, माझी माय गिनिपिगांची हेडमास्तरीण. लहानपणी गिनिपिगांच्या वाटणीचे पेरू खाऊन मी मोठा झालोय, हेही तो हसून सांगायचा. आत्याबाई हसायच्या नाहीत, पण त्या तशाही फारशा हसत नाहीत.

त्यामुळे वाढदिवसाला आम्ही मोठ्या हौसेनं खोकं त्यांच्यासमोर उघडलं. त्यांनी एकदा आत बघितलं आणि उठून खोलीत गेल्या. केक कापायलाही बाहेर आल्या नाहीत. मला रागच आला होता, खरं सांगायचं तर. नातीच्या आनंदात दोन मिनिटं उभं राहायला काय जात होतं? आनंदराज म्हणाला, जन्मभर तेच केलंय तिनं, कंटाळली असेल. पुढे पंधरा दिवस त्या हॉलमधून जाताना भिंतीकडून जायच्या. एवढे चावे झाले, तरी जन्म ज्या कामात गेला त्यातला एक शब्द त्यांनी कुणाला सांगितला नाही.

त्या बुधवारी मात्र हाताला मेथीची माती तशीच, अशा त्या बाहेर आल्या.

"आइतवारपत्तर हायेत ना घरात?" त्यांनी लेकाला विचारलं. "तवर मला दे."

आनंदराज म्हणाला, माय, तुला पण चावतील. त्यावर त्या म्हणाल्या, "चावू दे."

गुरुवारी सकाळी मी उठले तर पिंजरा जागेवर नव्हता. आम्ही तो हॉलमध्ये टीव्ही आणि चपलांचा स्टँड यांच्यामध्ये ठेवला होता, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. आत्याबाईंनी तो उचलून आतल्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या फळीखाली नेऊन ठेवला होता. घरात तेवढीच एक जागा जिथं कुणी चपला घालून जात नाही आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. पिंजऱ्यात आनंदराजच्या प्रश्नपत्रिकांचं रिकामं खोकं, त्याला आरपार दोन भोकं. एका भोकातून कुणी आलं तर दुसऱ्यातून पळता यावं म्हणून. खाली त्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तो त्यांनी रात्रभर उशाला घेतला होता आणि न धुता तसाच अंथरला होता.

मी पोस्टात काउंटरला बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय आहे, पण घरी कुणी हुकूम सोडले की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी आत्याबाईंनी एका दमात पाच-सहा हुकूम सोडले. टीव्ही बंद. मिक्सर लावायचा तर दार ओढून. दोन दिवस कुणी हात घालायचा नाही. गाजराचा, काकडीचा हात धुतल्याबिगर जवळ जायचं नाही, बोटाला खाण्याचा वास असला की ते बोटालाच खाणं समजतं. साबणानं धुवायचा नाही, नुसत्या पाण्यानं. आणि वरून हात न्यायचा नाही, कधीच नाही.

"वरून येतो तो घारीचा हात असतो," त्या सृष्टीला म्हणाल्या. "आपला हात खालून जायला पायजे. जमिनीवरून, सरपटत."

म्हणजे ती जनावरं चावरी नव्हतीच. पंधरा दिवस आम्ही त्यांना चपलांच्या आवाजात, टीव्हीच्या उजेडात ठेवलं होतं आणि दिवसातून दहा वेळा घार होऊन वरून झडप घातली होती. आत्याबाई हे सगळं पहिल्या दिवसापासून बघत होत्या. मग पंधरा दिवस बोलल्या का नाहीत, असं मी विचारणार होते. पण ऑफिसची वेळ झाली.

संध्याकाळी आले तर सृष्टी फुरंगटून बसलेली. खारी-बुंदीच्या अंगावर हळदीचे ठिपके होते, आत्याबाईंनी जाळीतून काडीनं लावलेले. खारीच्या डोक्यावर एक, बुंदीच्या पाठीवर एक. आत्याबाई त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणत होत्या. सृष्टीचं म्हणणं, त्यांना नावं आहेत, नंबर कशाला? एक सोनेरी, एक ठिपक्यांची, आंधळ्यालाही ओळखू येतील. आत्याबाई गोंधळल्यासारख्या झाल्या. सवय हाय, म्हणाल्या, आणि त्यांनी काडीला ओलं फडकं गुंडाळून जाळीतूनच हळद पुसायला घेतली. ती काही पूर्ण निघाली नाही.

मग त्या फळीपुढे मेणबत्ती लावून आम्ही रोजच्यासारखी बुद्धवंदना म्हटली. इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला बारा वर्षांपासून माहीत होती आणि मी ती कधी कुणाला सांगितली नव्हती. आत्याबाई पहिलं शील म्हणत नाहीत. जीवहत्येपासून दूर राहण्याचं जे पहिलं शील, तेवढं झालं की दुसऱ्यापासून त्यांचा आवाज सुरू होतो. लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी माझ्या ते लक्षात आलं होतं. मला वाटलं, घसा खाकरत असतील. विहारातही त्या सगळ्यांच्या मागे उभ्या राहतात, एवढ्या आवाजात कुणाला कळतंय? घरी आम्ही पुढं आणि त्या मागं. मी आपलं समजून घेतलं होतं की म्हातारं माणूस, दम पुरत नसेल. एका शिलापुरताच दम कसा कमी पडतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा रिकामा हात आत घातला. तळवा वर, बोटं सैल, जमिनीला टेकवून. तसाच ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दारात चहा घेऊन उभी होते. खोक्यातून आधी खारीचं नाक आलं, मग खारी. तिनं करंगळी हुंगली, अंगठा हुंगला. आणि मधल्या बोटाला कचकन चावली.

मी पुढं झाले, तर आत्याबाई न हलता म्हणाल्या, "लुंबिनी, हलू नको."

खारीनं बोट सोडलं नाही. धरूनच बसली. रक्ताचा थेंब लुगड्याच्या तुकड्यावर पडला. आत्याबाईंनी हात एवढासाही मागं घेतला नाही. चेहऱ्यावर वेदना असेल म्हणून मी पाहिलं, तर तिथं वेदना नव्हती. बऱ्याच दिवसांनी गाव लागल्यावर माणूस एसटीच्या खिडकीतून बघतं, तसं काहीतरी होतं. अखेर खारीनंच बोट सोडलं, दोन पावलं मागं गेली, पुन्हा आली आणि त्याच हाताच्या तळव्यात अंग मुडपून बसली.

नंतर डेटॉल लावताना त्यांनी मला समजावून सांगितलं. चावल्यावर हात ओढला की त्याला कळतं, चावलं की हात जातो. मग ते रोज चावतं. नाही ओढला तर त्याला कळतं की चावून काही होत नाही. दोन-तीनदा चावून घ्यावं लागतं कुणीतरी.

"तुम्हाला तर किती वेळा चावले असतील," मी म्हणाले.

"चोवीस वर्षांत एक बी न्हाई," त्या म्हणाल्या. "हे पहिलंच."

मी म्हणाले, काय हातगुण आहे तुमचा! मला खरंच कौतुक वाटलं होतं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट स्वतःच गुंडाळून घेतलं.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तोवर मलाही त्या दोन जिवांचा लळा लागला होता आणि उद्या रविवार होता. आनंदराज दुपारच्या बॅचला गेला होता, सृष्टी शाळेत. घरात आम्ही दोघीच. आत्याबाई खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि मांडीवर बुंदी. दोन्ही तळव्यांचा खोपा करून त्यांनी तिला त्यात घेतलं होतं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि अंगठ्यानं कपाळावरून मागं, कपाळावरून मागं, असं चाललं होतं. मधे ओठ न हलवता गुणगुणत होत्या, सूर असा नाहीच, नुसती घरघर. हळूहळू बुंदीचे डोळे बारीक झाले. तिच्या आतून बारीक टकटक असा आवाज यायला लागला, घड्याळासारखा. तो सुखाचा आवाज असतो हे मला नंतर कळलं. मी श्वास धरून बघत होते. जनावर इतकं निवांत होऊ शकतं हे मी पाहिलंच नव्हतं.

आणि त्याच क्षणी आत्याबाई उठल्या. गुडघेदुखी विसरून, एकदम. बुंदीला दोन्ही तळव्यांवर घेऊन त्यांनी हात माझ्यापुढं लांब केले, मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाल्या, "घ्या सर. झालं."

मला काही कळेना. मी म्हणाले, "आत्याबाई, मी आहे. लुंबिनी."

त्या तशाच उभ्या. हात पुढं, मान भिंतीकडं, डोळे मिटलेले. मी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हातातल्या बुंदीकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि तिला पुन्हा मांडीवर घेतलं. बुंदीचं टकटक चालूच होतं.

सांगितलं ते त्यांनीच, मी विचारलं नाही. आवाजात काही चढउतार नव्हता. पेन्शनच्या कागदाबद्दल काउंटरवर येणारी माणसं बोलतात तसं बोलल्या. पिंजरे धुणं आणि घास टाकणं हे त्यांचं काम होतंच. पण खरं काम दुसरं होतं. प्रॅक्टिकल असलं की सरांना एक गिनिपिग लागायचा. मान मोडून मारायचा, पोट उघडायचं, आतड्याचा एवढासा तुकडा काढून काचेच्या नळीत, कोमट पाण्यात टांगायचा. जनावर मेलं तरी तो तुकडा तास-दोन तास हलत राहायचा. त्याच्यावर औषधाचे थेंब टाकायचे, आणि तो कसा हलतो त्याच्या रेघा कागदावर उमटायच्या. पोरं त्या रेघा वहीत चिकटवायची.

"भेदरलेल्या जनावराच्या रेघा चांगल्या येत न्हाईत, असं सर म्हणायचे," आत्याबाई म्हणाल्या. "म्हून आदी शांत करायचं. बाकीच्यांच्या हातात लई तडफड करायचे, चावायचे. माझ्या हातात गप व्हायचे. मग सर म्हणायचे, पार्वतीबाईला बोलवा."

चोवीस वर्षं, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मांडीवर घ्यायचं, कपाळ चोळायचं, डोळे बारीक झाले, आवाज सुरू झाला की उठून दोन्ही हातांवर द्यायचं. मान वळवायची. नाव ठेवायचं नाही, डोक्यावर पिवळा ठिपका म्हणजे एक नंबर, पाठीवर ठिपका म्हणजे दोन. मारलं त्यांनी एकही नाही. पण प्रत्येक जनावर मरण्याआधी ज्या हातांवर विश्वास टाकून बसलं होतं, ते हात त्यांचे होते. पोरगं शिकवायचं होतं, म्हणाल्या. दुसरं काम कुठं मागणार होते?

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. म्हणाले, पण एखादं चावलं असतं तरी काय, ते थोडंच वाचलं असतं?

"वाचलं नसतंच," त्या म्हणाल्या. "पर मला बरं वाटलं असतं."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. त्या सरांवर काढावा, तर तेही नेमून दिलेलंच शिकवत होते. नवऱ्यावर काढावा, तर त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो तर त्या पेरूंवर मोठा झालेला पोरगा. आणि हातगुणाचं कौतुक केलं होतं ते आठवून मला माझीच लाज वाटली. शेवटी उठून मी चहा ठेवला. चहा झाला तरी बुंदी मांडीवरच होती.

"आनंदराजला सांगू नको," कप घेताना त्या एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

रविवारी दुपारी आनंदराज क्लासमधून आला तो हातात भोकं पाडलेलं खोकं घेऊनच. राजशेखरला चारची वेळ दिली होती. आत आला तर सृष्टी जमिनीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर लुगड्याचा तुकडा आणि त्यावर खारी. सृष्टीचे हात आत्याबाईंनी शिकवलेल्या रीतीनं, एक पुढं, एक मागं. डोक्यावरची हळद अजून फिकट दिसत होती. खारी कोथिंबिरीची काडी दाताखाली ओढत होती, काडी संपली आणि दात सृष्टीच्या बोटांपाशी आले. आम्ही सगळेच थांबलो. खारीनं बोटं हुंगली आणि तोंड फिरवलं.

"पप्पा, तुम्ही पण," सृष्टी म्हणाली. "वरून नाही. खालून. सरपटत."

प्राणिशास्त्राच्या सरांनी खोकं खाली ठेवलं. हेल्मेट ठेवलं. मग गुडघ्यावर बसून, सापाच्या बिळात घालावा तसा हात पुढं सरकवला. खारीनं त्याच्या अंगठ्यावर पाय ठेवला आणि तो इतका आनंदला की त्याचं त्यालाच हसू आलं. राजशेखरला फोन त्यानंच केला. नाही आणत म्हणाला, चावत नाहीत आता. पलीकडून राजशेखर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

फोन ठेवून तो मायला म्हणाला, "माय, मी तुझ्याच कॉलेजात शिकायला पायजे होतं."

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "न्हाई शिकलास ते बरं झालं."

त्याला ते विनोदासारखं वाटलं. तो हसत हात धुवायला गेला. मी त्याचं ते खोकं घडी घालून माळ्यावर टाकलं.

संध्याकाळी बुंदी पुन्हा आत्याबाईंच्या मांडीवर होती आणि पुन्हा ते टकटक सुरू झालं. मी पाहत होते. आत्याबाईंचे खांदे ताठ झाले, हात किंचित वर आले, पण त्या उठल्या नाहीत. जवळ बसलेल्या सृष्टीला त्यांनी हळूच विचारलं, "आता शांत झालं. आता काय करायचं?"

सृष्टीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की एवढंही कळत नाही का आज्जीला. म्हणाली, "काही नाही करायचं. बसायचं."

"किती येळ?"

"तिला जावं वाटेपर्यंत."

आत्याबाईंनी मान हलवली. खांदे खाली आले. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत शांत झालेलं एकही जनावर त्यांच्या मांडीवर पाच मिनिटांहून जास्त थांबलेलं नव्हतं.

वंदनेची वेळ झाली. मांडीवर बुंदी, म्हणून आत्याबाईंना उठता येईना. त्या जिथं होत्या तिथंच, फळीच्या अगदी पुढं बसून राहिल्या आणि आम्ही त्यांच्या समोर येऊन बसलो. मेणबत्ती लावली. त्यांनी एकच हात छातीशी नेला, दुसरा बुंदीवर. त्रिशरण झालं. मग पहिलं शील. सृष्टीनं म्हटलं, मी म्हटलं, आनंदराजनं म्हटलं. आणि बारा वर्षांच्या सवयीनं मी दुसऱ्या शिलाची वाट बघू लागले.

पण आज सृष्टी त्यांच्या समोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. तिनं मधेच थांबवलं. म्हणाली, आज्जी, तू पहिलं म्हटलंच नाहीस, मी बघितलं, तुझं तोंडच हललं नाही. चल, पुन्हा पहिल्यापासून.

आनंदराज तिला गप्प करायला लागला. मी मेणबत्तीकडे बघत राहिले. आत्याबाईंनी पट्टी बांधलेलं बोट सृष्टीच्या गालाला लावलं.

"तू म्हण माय," त्या म्हणाल्या. "तुझं खरं हाय."

सृष्टीनं ते पुन्हा म्हटलं, एकटीनं, शाळेत प्रार्थना म्हणते तसं खणखणीत. एवढ्या मोठ्या आवाजानं बुंदी दचकली. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी तिचे कान झाकले, आणि ते शील म्हणून होईपर्यंत तसेच झाकून ठेवले.